गल्लीतलं दुकान आणि कमी कचऱ्याची खरेदी : सांगलीकर नेहमी विचारतात ते प्रश्न

गणपती पेठेत भुसार, मंडईत भाजी, कापड पेठेत कापड, सराफ कट्ट्यावर सोनं, अशी सांगलीची खरेदी पिढ्यान्‌पिढ्या वाटून ठेवलेली आहे. आता विश्रामबागेकडे मोठी दुकानं आली आणि मोबाइलवर तर सगळंच आलं. अशात कोणी "पर्यावरणासाठी जवळच्या दुकानातून घ्या" म्हटलं, की गिऱ्हाईक गल्ल्यासमोर उभं राहून नेमके प्रश्न विचारतं. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. लिहिणारा वाणसामानाचा दुकानदार आहे. काटा दुकानाच्या बाजूला थोडा झुकलेला वाटला तर तेवढं वजा करून वाचा.

जवळच्या दुकानातून घेतलं की आपोआप पर्यावरणाचं भलं होतं का?

आपोआप काही होत नाही. दुकान कोपऱ्यावर असलं म्हणून माल कोपऱ्यावरचा नसतो. आमच्याकडची बरीचशी तूरडाळ लातूर-कलबुर्गी भागातून येते. साबण, चहापत्ती, बिस्किटं ट्रकमधून येतात, तशीच ती मॉललाही येतात. शिवाय अन्नाचा हवामानावर जो भार पडतो त्यात वाहतुकीचा वाटा बहुतेक वेळा लहान असतो. ते पिकवताना काय खर्ची पडलं आणि घरी आल्यावर किती फुकट गेलं, याचा वाटा मोठा.

जवळच्या दुकानाचा खरा उपयोग वेगळाच आहे. तिथं चालत जाता येतं. पन्नास ग्रॅम मोहरी मागितली तर पन्नास ग्रॅमच मिळते. रव्यात आळी निघाली तर परत आणून तोंडावर टाकता येतो. आणि "हे कुठलं?" असं विचारलं की समोरच्या माणसाला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, कारण तुम्ही उद्या परत येणार असता. यातलं काहीच न करता नुसतं जवळून पाकीटबंद माल घेतला, तर कचरा तेवढाच होतो. आणि एका साबणासाठी विश्रामबागेतून चारचाकी घेऊन पेठेत आलात तर बोलणंच खुंटलं. पेठेत गाडी लावायला जागा मिळेपर्यंत साबणाच्या किमतीचं पेट्रोल जातं.

सुटा माल घेतल्याने कचऱ्याशिवाय आणखी काय वाचतं?

पैसे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधी बांधून लेबल लावलेल्या धान्यावर आणि डाळींवर 5 टक्के जीएसटी आहे. पोत्यातून तुमच्यासमोर मोजून दिलेल्या डाळीवर तो नाही. वर छापील पाकिटाचा खर्च वेगळा.

माझ्या मते त्याहून मोठी बचत प्रमाणाची आहे. दोन माणसांच्या घरात एक किलोचं मेथीदाण्याचं पाकीट स्वस्त पडलं म्हणून घेतात, मग अर्धं पाकीट पावसाळ्यात कडेला पडतं. स्वस्त कसलं ते?

उलट ज्वारी, गहू असा सालाचा माल उन्हाळ्यात पोत्यानेच घ्यावा. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, सुगी फेब्रुवारी-मार्चची, आणि जत-आटपाडीकडचा शाळू त्यानंतर बाजारात चांगला येतो. कडक ऊन द्या, कडुनिंबाचा पाला घाला, डाळीला एरंडेल चोळा. आजी करायची तेच. रसायनाची गोळी लागत नाही आणि पोत्याचं बारदानही पुढं कामाला येतं.

घरून डबा आणला तर दुकानदार वैतागतो का?

गर्दीच्या वेळी थोडा वैतागतो, खोटं कशाला बोलू. पण अडचण काही नाही. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग माल भरायचा. डबा कोरडा हवा. ओला डबा आणलात तर साखरेचं काय होईल ते तुमचं तुम्ही बघा. संध्याकाळी सहा ते आठ सोडून आलात तर शांतपणे सगळं भरून मिळतं. यादी आदल्या दिवशी देऊन डबे ठेवून गेलात तर आणखी बरं.

मिठाईवाल्याकडेही हेच. खोक्याचं वजन पेढ्याच्या भावाने लावणं नियमाने चुकीचं आहे, डबा नेला तर तो वादच उरत नाही. सुट्या मिठाईच्या ताटाशेजारी ती कधीपर्यंत खावी याची तारीखही दिसायला हवी. 1 ऑक्टोबर 2020 पासून ते बंधन आहे.

मग सगळंच सुटं द्या की! तेल का देत नाही?

खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदी आहे. भेसळ हे कारण. दळलेले मसालेही पाकीटबंदच विकावे लागतात. म्हणजे हळकुंड पोत्यातून देता येतं, हळद पूड नाही. अख्खे धणे चालतात, धणेपूड नाही. कोणी "काका, घरचीच आहे, सुटी द्या" म्हणून गळ घालतं, तरी नाही म्हणावं लागतं.

तेलाला पर्याय म्हणजे मोठा डबा घेऊन शेजारणीशी वाटून घेणं. 15 किलोचा पत्र्याचा डबा रिकामा झाला तरी फेकला जात नाही. धान्याला, पाण्याला, कुंडीला तो वर्षानुवर्षं चालतो, आणि शेवटी भंगारवाला त्याचे पैसेही देतो. पाउचला कोण विचारतं?

हळद सांगलीची आहे हे कसं ओळखायचं?

सांगलीत मिळाली म्हणून ती सांगलीची नसते, हे आधी लक्षात घ्या. वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात तेव्हा कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडू, मराठवाडा इथूनही माल उतरतो. सांगलीची मोठी पेठ उभी राहिली ती त्या आवकेवरच, त्यात कमीपणा काही नाही. पण सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते ठरलेल्या भागात पिकलेल्या हळदीचं आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात "सांगली" असलं, तरी मानांकनाचं चिन्ह आणि उत्पादकाचा पत्ता बघा. सुटं घेत असाल तर दुकानदाराला आडत्याचं नाव आणि आवक कुठली ते विचारा. ज्याला माहीत आहे तो सांगतो. ज्याला माहीत नाही तो "एकदम ओरिजिनल" म्हणतो.

आमचा सल्ला असा. सौदे सुरू झाले की, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी, घराला वर्षभर लागतील तेवढी हळकुंडं घ्या आणि डंकावर (मसाले कांडायच्या गिरणीवर) दळून आणा. चटणी कांडायला जाताच, त्याच फेरीत हळदही होते. (चटणी म्हणजे लाल तिखट, हे सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी.) दळताना समोर उभं राहा, आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची तुमच्या हळदीत यायला नको.

फार चकचकीत पिवळ्या हळकुंडाला भुलू नका. हळद शिजवून, वाळवून, ड्रममध्ये घासून पॉलिश करतात, तेवढी चकाकी साहजिक आहे. पण वरून रंग चढवलेला असेल तर हळकुंड पाण्यात टाकल्याबरोबर पाणी गडद पिवळं होऊ लागतं. लेड क्रोमेटसारखा रंग म्हणजे शिसं पोटात जाणं. ही खात्री अर्ध्या ग्लास पाण्यात होते, दुकानात केलीत तरी आम्हाला राग नाही.

जाता जाता : सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोदलेली पेवं असायची, त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची. ना वीज, ना कोल्ड स्टोरेज. 2005 च्या पुरात त्यांतली बरीच बाद झाली. टिकाऊ साठवणुकीवर भाषणं देणाऱ्यांनी ती एकदा जाऊन बघावीत.

आणि बेदाणा?

बेदाण्यालाही मानांकन आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या तालुक्यांतल्या शेडवर तो वाळतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणून भाव ऐकून दचकू नका. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. नंतर वर्षभर येतो तो शीतगृहातला, तोही चांगला असतो. एकसारखा हिरवा, टपोरा दाणाच हवा असा हट्ट नको. थोडा तपकिरी, लहान-मोठा दाणा शिऱ्यात तितकाच गोड लागतो आणि स्वस्त पडतो. गिऱ्हाईक नुसत्या रंगावर माल नाकारतं तेव्हा त्याचा फटका शेडवाल्याला बसतो.

प्लास्टिकची पिशवी मागितली तर तुम्ही देत का नाही? 120 मायक्रॉनची चालते ना?

केंद्राच्या नियमात 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला बंदी आहे, त्यावरून हा समज झाला. महाराष्ट्राची 2018 ची बंदी त्याहून कडक आहे. हँडल असो वा नसो, सामान न्यायच्या प्लास्टिक पिशव्या राज्यात बंदच आहेत. पहिल्यांदा सापडलं तर 5000 रुपये, दुसऱ्यांदा 10000, तिसऱ्यांदा 25000 आणि तुरुंगवास. तुमच्या दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी एवढी जोखीम कोण घेईल?

रंगीत, कापडासारखी दिसणारी जी पिशवी मिळते ती कापडाची नसते, तेही पॉलिप्रॉपिलिन नावाचं प्लास्टिकच. धुऊन धुऊन वापरलीत तर ठीक, एकदा वापरून फेकली तर काय साधलं? आणि नवी कोरी सुती पिशवी दर खरेदीला विकत घेणं हा उपाय नव्हे. कापसालाही पाणी लागतं. घरातल्या जुन्या साडीची, चादरीची पिशवी गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घ्या. आम्ही दुकानाच्या दाराला खुंटी ठोकली आहे. जास्तीच्या पिशव्या तिथं अडकवा, ज्याला लागेल तो नेतो. परत आणतो का? काही जण आणतात. खुंटी अजून रिकामी पडलेली नाही, एवढं खरं.

भडंग, भजी वर्तमानपत्रात बांधून दिलं तर चालतं ना? तो तर कागद आहे.

नाही. छपाईची शाई तेलात उतरते, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली आहे. भडंगाला डबा न्या. डाळ-तांदळाच्या पुडीलाही आम्ही कोरा कागद वापरतो.

मॉलमध्ये आणि ऑनलाइन स्वस्त पडतं. आम्ही तोटा का सोसायचा?

सोसू नका. साबण, पावडर, टूथपेस्ट यांत ठोक खरेदी करणाऱ्याशी आमची बरोबरी होत नाही, मान्य आहे. तिथून घ्या. पण महिन्याच्या शेवटी बिलं पुढ्यात ठेवून एकदा हिशेब करा : यादीत नसलेलं किती घेतलं? "दोनावर एक फुकट"मधलं तिसरं कुठं आहे? डाळी, धान्य, अख्खे मसाले, गूळ, पोहे, शेंगदाणे यांत पेठेतला भाव बहुतेक वेळा कमी निघतो, आणि माल निवडून घेता येतो.

ऑनलाइनचं म्हणाल तर एका केसांच्या क्लिपेसाठी खोकं, खोक्यात फुगा, फुग्यात पिशवी. घंटागाडीवाल्याला विचारा.

आमचा पोऱ्या सायकलवर घरपोच देतो, पैसे घेत नाही. फक्त एक विनंती : दिवसातून चार फोन करून चार वस्तू मागवू नका. एका यादीत सांगा. त्याची सायकलच आहे, पण पायही त्याचेच आहेत.

दुरुस्ती करून वापरायचं म्हटलं तर माणसं मिळतात का?

मिळतात, फक्त त्यांच्या पाट्या मोठ्या नसतात. मिक्सर बंद पडला तर बहुतेक वेळा कपलर किंवा कार्बन गेलेला असतो. पंखा मंद झाला तर कंडेन्सर. कुकरची शिट्टी नीट होत नसेल तर आधी गास्केट बदलून बघा. या तिन्ही गोष्टी किरकोळ पैशांत होतात. नवीन घ्यायला सांगणाऱ्या दुकानदाराने आधी एवढं तपासलं का ते विचारा.

कापसाची गादी हा तर उत्तम प्रकार. गादी बसली की कारखान्यात देऊन कापूस पिंजून घ्यायचा, थोडा नवा घालायचा, खोळ बदलायची, झाली नवी गादी. फोमची गादी एकदा बसली की ती कुठं टाकायची हा प्रश्नच असतो. पितळेला कल्हई, सुरीला धार, छत्रीला काडी, चपलेला अंगठा, या सगळ्या कामांना अजून माणसं आहेत. पण काम गेलं तर पुढची पिढी बसणार नाही, आणि एकदा उठलेला माणूस परत येत नाही.

आपल्याच मिरजेत बघा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळालं. ते बनवणारे हात दुरुस्तीही तेवढीच करतात. तडकलेला भोपळा सांधून, जवारी लावून (तारेखालची घोडी घासून नाद जुळवून) जुना तंबोरा पुन्हा बोलता करतात. वीस-तीस वर्षांपूर्वीचं वाद्य लोक लांबून घेऊन येतात. मग आपला मिक्सर तीन वर्षांत भंगारात का जावा?

उधारी देता का? आणि तिचा या विषयाशी काय संबंध?

ओळखीच्यांना देतो. आजूबाजूच्या गावांत ऊसबिल आलं की खातं मिटतं. नियमाने ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल यायला हवं. येतं कधी ते इथं सांगायची गरज नाही. त्या मधल्या काळात घर किराणा दुकानाच्या वहीवर चालतं. मॉल हे करत नाही. कार्ड करतं, पण व्याजासकट.

संबंध असा की शेजारधर्म नुसत्या गोड बोलण्यावर चालत नाही, त्याला भांडवल लागतं, आणि ते दुकानदार अडकवून बसलेला असतो. म्हणून ज्यांना रोख देणं शक्य आहे त्यांनी वहीवर लिहू नये. त्यांचे पैसे वेळेत आले तरच ज्याला खरी गरज आहे त्याला थांबता येतं. आणि क्यूआरवर पैसे दिलेत तर आम्हाला शुल्क पडत नाही, तेव्हा "ऑनलाइन दिलं तर दोन रुपये जास्त" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

बचत गटाच्या बायकांचा माल दुकानात ठेवता का?

ठेवतो. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, शेंगदाण्याची चटणी. अट एकच, लेबलवर तयार केल्याची तारीख, घटक आणि अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक हवा. याबाबत ताईंना वाईट वाटलं तरी चालेल, पण सूट नाही.

इथं दुकानदारांनाही चार शब्द ऐकवायला हवेत. "विकलं की पैसे देतो" म्हणून माल ठेवून घ्यायचा, खालच्या फळीवर कोपऱ्यात सारायचा आणि दिवाळीनंतर "खपत नाही" म्हणून परत द्यायचा, ही मदत नव्हे. उन्हाळाभर तव्याजवळ बसलेल्या बाईचं भांडवल त्यात अडकलेलं असतं. थोडा माल घ्या, पण रोखीने घ्या आणि डोळ्यांसमोर ठेवा. रोखीने घेतलेला माल आपण आपोआप विकतो, हा आमच्या धंद्याचा स्वभावच आहे.

महापुराच्या काळात दुकानांचं काय? आम्ही काय तयारी ठेवावी?

सांगलीत पावसाळ्यात नमस्काराच्या आधी "पाणी किती फुटावर?" हा प्रश्न येतो. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा पेठांमध्ये शिरलं. भिजलेलं धान्य, साखर, कापड रस्त्यावर कचरा म्हणून पडलेलं सगळ्यांनी पाहिलं. सांगलीने एका वेळी केलेली ती सर्वांत मोठी नासाडी असावी.

त्यावरून पेठेतली पद्धत थोडी बदलली. जुलै-ऑगस्टमध्ये तळघरात, खालच्या गोदामात साठा कमी ठेवायचा, उरलेला माळ्यावर चढवायचा. त्यामुळे या दिवसांत एखादी वस्तू "उद्या येईल" असं ऐकायला मिळालं तर चिडू नका. घरात जूनअखेर दहा दिवसांचं धान्य, डाळ, मीठ, काडेपेटी, मेणबत्त्या आणि नेहमीची औषधं असू द्या. त्याहून जास्त नको. पाण्याची बातमी आली की काही जण तीन महिन्यांचं भरतात आणि मागून येणाऱ्या म्हातारीला दुधाची पावडर मिळत नाही.

आणखी एक. तुमच्या गल्लीत एकटं कोण राहतं हे वाण्याला, दूधवाल्याला आणि औषधवाल्याला पक्कं ठाऊक असतं. मंडळाच्या पोरांनी होडी काढायच्या आधी या तिघांना विचारावं.

वजनाबद्दल शंका आली तर?

आधी दुकानदाराला पुन्हा मोजायला सांगा, लाजू नका. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी वैधमापन खात्याकडून करून घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. ते बघायला मागा. तरी समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जवळचा आहे म्हणून काटा मारणाऱ्याला पाठीशी घालू नका, त्याने आमचीही पत जाते.

मीही दुकानदार आहे. सुरुवात कुठून करू?

पाटीपासून करू नका. "इको फ्रेंडली" असं लिहिलेलं फ्लेक्स छापून लावणारेही भेटले आहेत, फ्लेक्स कशाचं असतं ते त्यांना कोणी सांगायचं? प्रत्येक पोत्यावर गावाचं नाव लिहिलेला पुठ्ठा खोचा : "शाळू, जत". "गूळ, कराड". माहीत नसेल तर आडत्याला विचारून घ्या, खोटं लिहू नका. मुदत जवळ आलेला माल वेगळ्या टोपलीत, भाव कमी करून, तारीख दिसेल असा ठेवा. तो दोन दिवसांत जातो. लोक हुशार असतात.

दुपारी दुकान बंद का असतं? ऑनलाइन तर चोवीस तास मिळतं.

जेवायला जातो. दुकानातल्या पोरांनाही जेवण असतं, आठवड्याची सुट्टी असते, आणि ती द्यायलाच हवी. चारनंतर डबे घेऊन या, सहापर्यंत गर्दी नसते.